दोन फूट नऊ इंच

नायकाच्या उंचीचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. नायक उंच असतो. कादंबरीत तो 'उंचापुरा' असतो. लग्नाच्या जाहिरातीत तो 'पाच फूट नऊ इंच' असतो. प्रत्यक्ष पोहे खायला येतो तेव्हा पाच-सहा भरतो, पण मधले तीन इंच पगारात भरून निघतील अशी वधूपक्षाची समजूत घातली जाते. पडद्यावर तर १९७०च्या दशकात अमिताभ बच्चननं उंचीचा भाव असा काही वाढवून ठेवला, की आमच्या पिढीतल्या यच्चयावत मध्यम तरुणांनी जाड टाचांचे बूट शिवून घेतले आणि पुढची पाच-सहा वर्षं जिने जपून उतरले.

बुटक्या माणसाला सिनेमात जागा नव्हती असं नाही. जागा होती, पण ती नायकाच्या शेजारी. मुक्री आठवून बघा. तो पडद्यावर आला की थिएटरमध्ये आधी हशा, मग त्याचा संवाद. बुटका माणूस नायकाचा मित्र, खलनायकाचा नोकर किंवा नायिकेला मागणी घालायला आलेला आणि पळून जाणारा स्थळ असायचा. मार खाणं, घाबरणं आणि धोतर सुटणं ही तीन कामं वंशपरंपरेनं त्याच्याकडे. नायिका त्याच्याकडे बघून हसते, आणि नायकाकडे बघून लाजते. एवढा साधा हिशेब.

हा हिशेब १९८१-८२ साली फिलिपीन्समध्ये एका माणसानं पार उलटा करून टाकला. त्याचं नाव वेंग वेंग. खरं नाव एर्नेस्टो दे ला क्रूझ. उंची दोन फूट नऊ इंच. म्हणजे आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलाची उंची अडीच फूट धरली, तर त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर हे गृहस्थ तीन इंच वर दिसणार. प्रौढ वयात मुख्य भूमिका करणारा सर्वांत कमी उंचीचा नट म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आणि मुख्य भूमिका म्हणजे कुठल्या म्हणाल? देवळात दिवा लावणाऱ्या सोशिक मुलाच्या नव्हेत. 'फॉर युअर हाइट ओन्ली' या १९८१च्या चित्रपटात तो चक्क गुप्तहेर झाला. जेम्स बाँडचा 'फॉर युअर आइज ओन्ली' त्याच वर्षीचा. नावावरूनच विडंबन लक्षात यावं. एजंट डबल झीरो. पाठीला यंत्र बांधून आकाशात उडणारा, उंच इमारतीवरून छत्री उघडून खाली येणारा, टोपी भिरकावून माणसं आडवी करणारा. पुढच्या वर्षी 'द इम्पॉसिबल किड', आणि त्याच वर्षी 'ड'वाइल्ड वाइल्ड वेंग'. हा शेवटचा म्हणजे घोडे, टोप्या, पिस्तुलं आणि धुळीचं गाव असलेला अस्सल वेस्टर्न.

आता फिलिपीन्स आणि वेस्टर्न यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. आपला आणि वेस्टर्नचा काय होता? पण बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत १९७५ साली 'शोले' घडलाच ना? त्या मानानं फिलिपिनो माणसाचा अधिकार मोठा. तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य, त्यानंतर १८९८पासून अमेरिकेचं, ते १९४६ला संपलं. त्यामुळे जहागिरदारांचे वाडे, चौकातलं चर्च, घोडे, खेडवळ दारूचे गुत्ते, हे सगळं सामान घरचंच होतं. तीनशे वर्षं कॉन्व्हेंटमध्ये आणि पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये काढलेला देश, असं तिकडचे लोक स्वतःच स्वतःबद्दल गमतीनं म्हणतात. सिनेमाचा तर त्यांना इतका नाद, की पडद्यावर गरिबांसाठी मारामारी करणारा जोसेफ एस्ट्राडा १९९८ साली थेट राष्ट्राध्यक्ष झाला. दुसरा मोठा ॲक्शन नट फर्नांडो पो २००४ साली त्याच खुर्चीसाठी उभा राहिला आणि पडला. आपण हसण्याचं कारण नाही. आपल्याकडे दक्षिणेत हा प्रयोग आधीच होऊन गेलेला आहे.

तर 'ड'वाइल्ड वाइल्ड वेंग'ची गोष्ट. एका गावात महापौराची आणि त्याच्या कुटुंबाची हत्या होते. गावावर सेबॅस्टियन नावाच्या गुंडाचा अंमल. सरकार चौकशीसाठी आपला खास माणूस पाठवतं. तो माणूस म्हणजे मिस्टर वेंग. बरोबर लूपो नावाचा धडधाकट साथीदार. इथंच पहिला धक्का. धडधाकट माणूस साथीदार आणि दोन फूट नऊ इंच हा साहेब! सरकारी खात्यात नोकरी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. साहेबाची उंची आणि साहेबाचा आवाका यांचा संबंध नसतो, हे ते रोज बघत आलेले असतात. पण सिनेमात हे दिसत नसे.

दिग्दर्शक एडी निकार्ट. तो स्वतः स्टंटच्या धंद्यातून वर आलेला, त्यामुळे गोष्टीपेक्षा उड्यांकडे लक्ष जास्त. ते बरंच झालं, कारण गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते. बघण्यासारखा आहे तो वेंग. त्यानं कराटेचं शिक्षण घेतलेलं. अंगात रबर भरल्यासारखा तो उडी मारतो, कोलांटी घेतो, दोन पायांच्या मधून सुळ्ळकन पलीकडे जातो आणि माणूस मागं वळायच्या आत त्याला मागूनच लोळवतो. खलनायकाची पिस्तुलं छातीच्या उंचीवर रोखलेली असतात. इकडे नायक कमरेच्याही खाली. सगळ्या गोळ्या वरून जातात. शिवाय त्याचा मार बसतो तो गुडघ्यांवर. आपल्याकडे आडदांड माणसाची अक्कल गुडघ्यात असते असं म्हणतात. ते खरं असेल, तर खलनायकांच्या थेट मेंदूवर हल्ला करणारा हा जगातला एकमेव नायक.

हा चित्रपट मी पाहिला तो आमच्या भाच्याच्या कृपेनं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जगातलं सगळं वाईट साहित्य व्यवस्थित रचून ठेवलेलं असतं. रविवारची दुपार होती, आमरस झालेला होता, आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर पेपर परत द्यायला म्हणून आले होते ते पंख्याखाली स्थिरावले होते. चित्रपट सुरू झाला. भाचा पहिल्या पाच मिनिटांत गडाबडा लोळायला लागला. मीही हसलो. हेडमास्तर मात्र ताठ.

वीस मिनिटांनी ते म्हणाले, "हे बरं नाही."

"काय बरं नाही सर?"

"हेच. देवानं एखाद्याला असं घडवलं, आणि आपण आमरस खाऊन त्याला हसायचं. व्यंगावर हसू नये, असं आम्ही मुलांना शिकवलं. छड्या मारून शिकवलं."

भाचा म्हणाला, "पण सर, हसतोय कोण त्याला? तो तर सगळ्यांना धुतोय! मी त्याच्या बाजूनं हसतोय."

"बाजूनं हसतोस म्हणजे काय? उंच माणसानं हेच केलं असतं तर हसला असतास?"

भाचा गप्प. मीही गप्प. प्रश्न हेडमास्तरी होता, म्हणजे उत्तर येत नसलं तरी बाकावर उभं राहायला लावणारा.

तेवढ्यात आमरसाच्या वाट्या उचलायला सौ. आली. दोन मिनिटं उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाली, "अहो, पण ह्याला पैसे किती दिले हो?"

हेडमास्तरांना हा प्रश्न विषयांतराचा वाटला. मलाही त्या वेळी तसंच वाटलं. म्हणून आधी हेडमास्तरांचाच प्रश्न घेऊ.

माणूस का हसतो, यावर मोठमोठ्या लोकांनी गंभीर चेहऱ्यानं लिहून ठेवलेलं आहे. सतराव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जसाहेब यांचं म्हणणं असं, की दुसऱ्यात काहीतरी उणं दिसलं की आपण एकदम थोर असल्याचा साक्षात्कार होतो, आणि तो साक्षात्कार म्हणजे हसू. साहेबांचा स्वभाव फारसा आनंदी नसावा. पण म्हणणं अगदीच खोटं नाही. परक्याच्या पायाखालून केळ्याची साल सटकली की आपलं स्वतःचं चालणं आपल्याला उगीचच डौलदार वाटू लागतं. पुढं १९०० साली फ्रान्सच्या बेर्गसाँनी हसण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हसायला काळीज घटकाभर बधिर व्हावं लागतं. दातांच्या डॉक्टरकडे हिरडी करतात तसं. दया आली की हसू गेलं.

हे दोन्ही चष्मे लावून आमच्या वेंगकडे पाहिलं, तर गंमत होते. त्याच्या चित्रपटात पडतं कोण? तो नाही पडत. पडतात ते सहा-सहा फुटी गडी. ज्यांनी आयुष्यभर उंचीच्या जोरावर गाव दाबलं, ते एका पोराएवढ्या माणसाच्या लाथेनं कोलमडतात. म्हणजे हॉब्जच्या हिशेबानंही आपण हसतो ते उंचांना. भाच्याची बाजू जिंकली म्हणायची.

पण पूर्ण नाही. खरं सांगायचं, तर त्या हशात दुसराही एक हशा मिसळलेला असतो. तो कडक इस्त्रीचा सूट घालून येतो तेव्हा आपण हसतो. एखादी सुंदरी त्याच्याकडे प्रेमानं बघते तेव्हा आपण हसतो. त्या वेळी कुणीही आपटलेलं नसतं. कोणी केळ्याच्या सालीवर पाय दिलेला नसतो. सूट नीट शिवलेला असतो. तरी हसू येतं, कारण 'ह्याला आणि सूट?', 'ह्याला आणि प्रेम?' असं आपलं मन म्हणत असतं. हा हशा हॉब्जचा. आणि चित्रपट विकणाऱ्यांना तो पुरता ठाऊक होता. नाहीतर चित्रपटाच्या नावातच उंची कशाला घातली असती? तेव्हा दोन्ही हशे एका भांड्यात, दुधात पाणी घातल्यासारखे. निवडून दाखवायला हंस पाहिजे. आमच्या चाळीत तो नव्हता.

आता हेडमास्तरांचा मुख्य मुद्दा. उंच माणसानं हेच केलं असतं तर? तर तो साधा बाँडपट झाला असता, आणि चाळीस वर्षांनी कुणी त्याची आठवण काढली नसती. कबूल. वेंगचं नाव झालं ते उंचीमुळे. पण मला सांगा, अमिताभची उंची आणि आवाज काढून घेतला, तर काय उरलं असतं? तो अलाहाबादचा एक सुशिक्षित गृहस्थ उरला असता. नटाचा धंदाच असा आहे, की देवानं जे शरीर दिलं ते मांडायचं आणि तिकीट लावायचं. कुणाचे डोळे, कुणाची कंबर, कुणाचं टक्कल. फरक एवढाच, की उंचाच्या उंचीला आपण व्यक्तिमत्त्व म्हणतो आणि बुटक्याच्या उंचीला भांडवल.

शिवाय नुसत्या उंचीवर कोलांटी मारता येत नाही हो. ती शिकावी लागते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८०च्या सुमारास ग्रेट इंडियन सर्कस काढली, तेव्हापासून आपल्याकडे सर्कसचा तंबू उभा राहिला की त्यात विदूषक हा हवाच. आम्ही लहानपणी त्याला हसत होतो. झुल्यावरून तो धडपडत, किंचाळत, चड्डी सावरत जाळीत पडायचा. पुढं सर्कसमधल्याच एका जाणत्या माणसानं सांगितलं, की झुल्यावर नीट जाणाऱ्याला एक विद्या यावी लागते, आणि चुकत जाणाऱ्याला दोन. नीट जाण्याची तर हवीच, वर मान न मोडता चुकण्याची. पण पोस्टरवर फोटो नीट जाणाऱ्याचा. वेंगनं पोस्टरवरचा फोटो मिळवला, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. मार खाणाऱ्याच्या जागेवरून उठून तो मार देणाऱ्याच्या जागेवर बसला.

हेडमास्तर याला एकच उत्तर देणार, आणि दिलंच. "माणसाची प्रतिष्ठा त्याच्या एकट्याची नसते. ती सगळ्यांची असते. त्यानं ती विकायची म्हटली तरी समाजानं विकू देता कामा नये."

हे वाक्य नुसतं हेडमास्तरांचं नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २७ ऑक्टोबर १९९५ रोजी जवळजवळ हेच म्हटलं. तिकडे दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत एक खेळ चाले. संरक्षक कपडे घातलेल्या बुटक्या माणसाला उचलून लांब गादीवर फेकायचं. आपल्याकडे गणेशोत्सवात गोळाफेक असते, तशी तिकडे माणूसफेक. मॉरसांग-सूर-ऑर्ज या गावाच्या महापौरानं १९९१ साली त्यावर बंदी घातली. ज्याला फेकायचे तो मान्युएल वाकेनहाइम उलट कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं, की या देशात माझ्यासारख्याला काम मिळत नाही. हे एक मिळालं होतं. हाताला काम असणं हीच माझी प्रतिष्ठा, आणि ती तुम्ही प्रतिष्ठेच्याच नावाखाली काढून घेता. खालच्या कोर्टात तो जिंकला, वरच्या कोर्टात हरला. मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेला. तिथं २००२ साली हरला.

ही हकीकत वाचल्यापासून माझं डोकं चालेनासं झालं आहे. कोर्टाचं चूक आहे का? दारू प्यालेल्या चार माणसांनी एका माणसाला पोत्यासारखं फेकावं आणि बाकीच्यांनी अंतर मोजावं, हे बघवणार नाही. बंदी बरोबर. आणि वाकेनहाइमचं चूक आहे का? तेही म्हणवत नाही. त्याच्या प्रतिष्ठेची काळजी वाहणाऱ्या एवढ्या सगळ्या विद्वान मंडळींपैकी एकानं जरी म्हटलं असतं, की बाबा रे, हे काम सोड, हे घे दुसरं, तर त्या निकालाला चार माणसांत मान वर करून फिरता आलं असतं. दुसऱ्याची प्रतिष्ठा जपणं फार स्वस्त असतं. त्याचा खर्च ज्याची त्यानं करायचा असतो.

आणि इथं सौ.चा प्रश्न आठवतो. ह्याला पैसे किती दिले?

वेंग वेंगची पुढची हकीकत शोधून काढली ती अँड्र्यू लेवोल्ड नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसानं. व्हिडिओ कॅसेटींचं दुकान चालवणारा हा वेडा माणूस वर्षानुवर्षं मनिलाच्या वाऱ्या करत राहिला आणि २०१३ साली त्यानं 'द सर्च फॉर वेंग वेंग' हा माहितीपट पुरा केला. त्यातून जे पुढं आलं, त्यात हसण्यासारखं काही नाही. वेंग १९५७ साली जन्मला, साध्या गरीब घरात. लोकांनी पडद्यावर त्याला उडताना पाहिलं, चित्रपट समुद्रापार गेले, पण त्या पैशातलं त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. लाट ओसरली, कामं थांबली. तो घरी परतला तो जसा गेला होता तसाच, आणि २९ ऑगस्ट १९९२ रोजी गेला. वय चौतीस. जगभरचे शौकीन आज त्याचे चित्रपट शोधून शोधून बघतात. त्याला ते कळायचं नव्हतं.

म्हणजे आम्ही तिघं पुरुष पंख्याखाली बसून ज्याचा काथ्याकूट करत होतो, तो प्रश्न अर्धाच होता. हसावं की नाही? प्रतिष्ठा गेली की राहिली? या सगळ्यात एकाही शहाण्यानं त्या माणसाच्या खिशात हात घालून पाहिला नाही. बायकांचं याबाबतीत बरं असतं. त्यांना महिनाअखेर ठाऊक असते. माझं आता मत असं झालं आहे, की पडद्यावर त्याला हसलेल्या लाखो माणसांनी त्याचं जेवढं नुकसान केलं, त्याहून अधिक केलं असेल ते पडद्यामागच्या कोऱ्या खातेवहीनं. हशा तरी त्यानं कमावलेला होता. उपेक्षा त्यानं कमावलेली नव्हती.

लहान-मोठेपणाची आणखी एक गोष्ट त्याच काळात मनिलात घडली. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डाबाई यांना जानेवारी १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचा होता. (याच त्या पायताणांच्या बाई. १९८६ साली राजवाडा सोडून पळाल्या, तेव्हा मागं चपलांचं दुकान निघालं.) महोत्सवासाठी ग्रीक देवळासारखं भव्य चित्रपटगृह हवं, आणि तेही महोत्सवाच्या आत. रात्रंदिवस काम. १७ नोव्हेंबर १९८१ रोजी पहाट व्हायच्या आत वरची परांची कोसळली आणि मजूर ओल्या काँक्रीटमध्ये पडले. किती मेले, यावर आजही वाद आहे. महोत्सव मात्र ठरल्या महिन्यात झाला. देशाची कलात्मक उंची जगाला दाखवायची, म्हणून गंभीर चित्रपटांची आरास मांडलेली. आणि परदेशी व्यापाऱ्यांनी उत्साहानं उचलला कुठला? तर 'फॉर युअर हाइट ओन्ली'! त्या एवढ्या खांबांच्या इमारतीत देशाची लाज ज्यानं राखली, किंवा काहींच्या मते घालवली, तो गृहस्थ दोन फूट नऊ इंचांचा. मला या गोष्टीत कुणाची उंची किती, हे ठरवायला टेप लागत नाही.

आता काळ बदललाय, असं म्हणतात. बदललाय थोडासा. आपल्या नागपूरच्या ज्योती आमगे हिची उंची ६२.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून जेमतेम वर. २०११ साली, अठरा पूर्ण झाली त्या दिवशी, जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून गिनेसमध्ये तिची नोंद झाली, आणि २०१४ साली तिनं अमेरिकन मालिकेत काम केलं. मालिका कसली, तर जुन्या काळी विचित्र शरीराची माणसं तंबूत दाखवून पैसे घेत, त्या तमाशाची. म्हणजे दारावर तिकीट तेच, फक्त आता त्यावर प्रश्न विचारणारा मजकूर छापलेला असतो. तिकडे पीटर डिंकलेज हा साडेचार फुटांच्या आतला नट 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये २०११पासून २०१९पर्यंत सगळ्यात शहाणा माणूस म्हणून वावरला, आणि त्यासाठी एमी पारितोषिकं घेऊन गेला. आपल्या सरकारनंही २०१६च्या अपंग हक्क कायद्यात वाढ खुंटण्याचा विकार समाविष्ट केला. व्याख्या अशी, की त्या विकारानं प्रौढपणी उंची चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी राहिलेली असावी. 'विकारानं' हा शब्द त्यात आहे म्हणून बरं. नाहीतर आमच्या दोन्ही आत्या बसमध्ये राखीव सीटवर हक्क सांगून बसल्या असत्या, आणि त्यांना उठवण्याची कुठल्या कंडक्टरची छाती झाली नसती.

बुटक्या माणसाची पहिली मोठी गोष्ट आपल्या पुराणातलीच. बळीच्या यज्ञाला वामन आला. एवढंसं पोर, हातात छत्री. (छत्री घेऊन अवतरण्याची कल्पना मनिलाच्या मंडळींची नव्हे, एवढं आपण अभिमानानं नोंदवू.) यज्ञमंडपात थोर थोर लोक बसले होते. तिथं कुणी खुदकन हसलं असेलही; पुराण लिहिणाऱ्यांनी ते टिपून ठेवलेलं नाही. बळीनं मात्र त्याचे पाय धुतले आणि सरळ विचारलं, तुला काय पाहिजे? तीन पावलं जमीन म्हणाला, तर दिली. गुरूनं कानात सांगितलं होतं, की यात तुझा घात आहे. तरी दिली. पुढं तो बुटका केवढा मोठा झाला आणि बळी कुठं गेला, ते आपल्याला ठाऊक आहे.

देव जिंकला खरा, पण आपल्याकडच्या बायका दिवाळीत ओवाळताना नाव घेतात ते हरलेल्याचं. इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो. इतकी वर्षं मला वाटायचं, ही शेतकऱ्याच्या दैवताबद्दलची माया आहे. असेलच. पण आता त्यात आणखी एक कारण दिसतं. समोर उभा राहिलेला माणूस किती उंच आहे, हे न मोजता त्याचं मागणं किती आहे हे विचारणारा, आणि कबूल केलेलं मोजून देणारा, असा यजमान त्यानंतर फारसा कुणी झालाच नाही. मनिलात तर नाहीच नाही. तिथल्या वामनानं तीन पावलांत तिन्ही लोक जिंकून दिले. त्याला उभं राहायला जमीन देण्याची आठवण मात्र कुणाला झाली नाही.